फंडपेटीतले ४,३४० रुपये

सोमवार, २ सप्टेंबर २०२४. श्रावणातला शेवटचा सोमवार आणि वर अमावास्या. पहाटे साडेपाचला अभिषेकाच्या तयारीसाठी देवळात गेलेल्या भटजींचा फोन आला. "मास्तर, सभामंडपातल्या पेटीचं झाकण तिरकं दिसतंय. मी हात लावलेला नाही. तुम्ही या."

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या, खाणींच्या पट्ट्यातल्या एका गावाचं हे देऊळ. मी देवस्थान समितीचा चिटणीस आणि त्याआधी तीसेक वर्षं मराठीचा शिक्षक. चोरी करणारा मुलगा माझा विद्यार्थी, आणि त्याच्याविरुद्धच्या फिर्यादीवर सही माझी. तेव्हा तटस्थ अभ्यासकाचा आव आणण्यात अर्थ नाही. मुलाच्या आणि त्याच्या आईच्या परवानगीने लिहितो आहे. गाव, दैवत, दुकान कशाचंच नाव देत नाही. मुलाला बाबू म्हणतो. आमच्याकडे दर दुसऱ्या घरात एक बाबू असतोच.

पेटी आणि कॅमेरा

पेटी लोखंडी, सभामंडपातल्या खांबाला साखळीने बांधलेली. झाकणाचं एक बिजागर दोन वर्षांपासून निखळलेलं. समितीच्या प्रत्येक बैठकीत "वेल्डिंगवाल्याला बोलावू" असं ठरायचं आणि चहा झाला की विसरायचं. सभामंडपाला दार नाही. आतल्या चौकाला आणि गर्भकुडीला कुलूप असतं, बाहेरचा मंडप रात्रभर उघडा. कोहेन आणि फेल्सन या अमेरिकन अभ्यासकांनी १९७९ साली मांडलं होतं, की गुन्हा घडायला तीन गोष्टी एका जागी याव्या लागतात: करायला निघालेला माणूस, हाताशी येणारी वस्तू आणि राखणदाराचा अभाव. त्यांतल्या दोन आम्ही समितीने पुरवल्या होत्या.

कॅमेऱ्यात सगळं सापडलं. रात्री पावणेदोनला एक मुलगा येतो. टोपी, तोंडावर रुमाल, दातांत धरलेला मोबाइलचा उजेड. झाकण उचकतो, मूठभर नोटा काढतो, खाली बसून मोजतो. पुन्हा हात घालतो, पुन्हा मोजतो. मग उरलेल्या नोटा पेटीत परत टाकतो, झाकण बसवायचा प्रयत्न करतो, ते बसत नाही. जाताना पायरीला हात लावून कपाळाला लावतो. एकूण सहा मिनिटं.

मी पडद्यावरचं चित्र माझ्या मोबाइलवर घेतलं. सत्तेचाळीस सेकंद. झाकण उचकण्यापासून पहिल्यांदा नोटा मोजेपर्यंतचं. ते समितीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकलं आणि खाली लिहिलं, "कोण हा?" तेव्हा सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती. गटात आम्ही अकराजण. चालण्यावरून मी त्याला आधीच ओळखलं होतं की नाही, हे मी अजून स्वतःलाही नीट सांगू शकलेलो नाही. दुपारी बारापर्यंत ते सत्तेचाळीस सेकंद शेजारच्या तीन गावांत पोचले होते. कुणीतरी त्यावर लाल अक्षरांत "देवळातला चोर" लिहिलं होतं. नोटा परत टाकण्याचा भाग त्यात नव्हता. मी तो घेतलाच नव्हता.

दुपारी चारला पोलीस दुकानात गेले. बाबू तिथेच कामाला होता. त्याने लगेच कबूल केलं.

"अंदाज सांगा"

ठाण्यात मला विचारलं, किती गेले? मी म्हटलं, पेटी श्रावण संपल्यावर मोजतो, आत किती होते ते कुणालाच ठाऊक नाही. "मग अंदाज सांगा." आदल्या वर्षी श्रावणानंतर बावीस हजारांच्या आसपास निघाले होते, ते आठवून मी पंचवीस सांगितले. पेटी रिकामी झाली असणार असंच तेव्हा धरून चाललो होतो. कागदावर "अंदाजे रुपये २५,०००" असं आलं. संध्याकाळी गावात तो आकडा पन्नास झाला, चवथीपर्यंत, म्हणजे गणेशचतुर्थीपर्यंत, लाख.

दुसऱ्या दिवशी पंचांसमोर पेटी उघडली. आत नोटा आणि नाणी मिळून १७,९०५ रुपये होते. बाबू पहिल्यापासून ४,३४० म्हणत होता. बेरीज केली तर २२,२४५ होते, म्हणजे आदल्या वर्षाइतकेच. त्याला हवे होते ४,३००. अंधारात मोजताना चाळीस जास्त आले.

माझ्या आकड्याने आणि चोरीच्या जागेने त्याचं किती बिघडलं हे मला पुढे वकिलांनी समजावलं. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, म्हणजे आमची चोरी नव्या कायद्याच्या तिसऱ्या महिन्यातली. तिच्या ३०३ व्या कलमात साध्या चोरीसाठी एक नवी वाट आहे. माल पाच हजारांपेक्षा कमी किमतीचा, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरलेला आणि माल परत केलेला असेल, तर शिक्षा तुरुंगाची नाही, सामुदायिक सेवेची. अशी चोरी दखलपात्रही नाही, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकत नाहीत. डिचोलीच्या बाजारात कुणाचा चार हजारांचा मोबाइल उचलला असता, तर बाबू या वाटेने गेला असता.

पण देऊळ म्हणजे मालमत्ता सांभाळण्याची इमारत, असं धरून पोलिसांनी ३०५ वं कलम लावलं. त्यात सात वर्षांपर्यंत कैद, आणि पाच हजारांची सवलत नाही. सुरुवातीला रात्रीच्या घरफोडीचं कलमही होतं. रात्री चोरीसाठी घरफोडी केली तर ती शिक्षा चौदा वर्षांपर्यंत जाते. ते गळलं, कारण सभामंडपाला दारच नाही, मग फोडलं काय? एका दाराच्या असण्यानसण्यावर चौदा आणि सात वर्षं अवलंबून असतात, हे मला साठीनंतर कळलं.

आणखी एक गोष्ट. चवथ झाल्यावर समितीचे अध्यक्ष मवाळ झाले. "मास्तर, पैसे मिळाले. फिर्याद मागे घेऊया." घेता येत नाही. साध्या चोरीत मालाचा धनी तडजोड करू शकतो. नोकराने मालकाची चोरी केली तरी न्यायालयाच्या परवानगीने मालक माफ करू शकतो. ३०५ मात्र तडजोडीच्या यादीतच नाही. म्हणजे बाबूने आपल्या दुकानाच्या शेठच्या गल्ल्यातून घेतले असते तर शेठला माफ करता आलं असतं. देवाला कायद्याने ती सोय ठेवलेली नाही. शिवाय आमची देवस्थानं अजूनही पोर्तुगीज काळातल्या, १९३३ च्या नियमावलीवर चालतात. हिशेब मामलेदाराकडे जातात. त्यामुळे "घरातल्या घरात मिटवलं" असं म्हणायलाही जागा कमी.

चार हजार तीनशे कशासाठी

बाबूचा जन्म मे २००४ चा. वडिलांचा खनिज वाहणारा ट्रक होता, कर्जावर घेतलेला. ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या तेव्हा बाबू आठ वर्षांचा. मग बंदी उठली, थोडे दिवस बरे गेले. फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चच्या मध्यावर पुन्हा सगळं ठप्प. त्या वर्षी तो माझ्याकडे आठवीत होता. अंगणाअंगणांत ट्रक उभे, चाकांभोवती गवत. त्याच्या वडिलांचा ट्रक शेवटी भंगाराच्या भावात गेला, कर्ज राहिलं. दहावीची परीक्षा मे २०२० मध्ये, टाळेबंदीत, तोंडाला मास्क लावून दिली. बारावीनंतर हार्डवेअरच्या दुकानात लागला.

इथे थांबून "बघा, खाण बंद पडली आणि पोरगा चोर झाला" असं म्हणायचा मोह होतो. वर्तमानपत्रं तेच म्हणतात. पण त्या आठवीच्या वर्गात अडतीस मुलं होती. निम्म्याहून अधिक घरांचं पोट खाणीवर. सदतीसजण देवळाच्या पेटीपाशी गेले नाहीत. खाणीने त्याचं घर कमकुवत केलं हे खरं, पण त्या रात्री पावणेदोनला त्याला तिथे नेलं दुसऱ्याच कशाने.

मोबाइलवर पैसे लावून पत्ते खेळायचा नाद होता. सुरुवातीला शंभर-दोनशे. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात दुकानाची उधारी वसूल करून आणलेले ४,३०० रुपये त्याने एका रात्रीत घालवले. "सोमवारी संध्याकाळपर्यंत जमा कर, चवथीच्या आधी हिशेब मिटवायचाय," असं शेठनी सांगून ठेवलं होतं. रविवारच्या रात्री तो देवळात आला. सोमवारी सकाळी दुकान उघडताच शेठच्या हातात पैसे दिले, ते संध्याकाळी मुद्देमाल म्हणून जप्त झाले.

(याच गोव्यात १९७६ च्या जुगारबंदी कायद्याने मटक्याची चिठ्ठी लिहिणारा पकडला जातो, आणि त्याच कायद्यात घातलेल्या १३-अ कलमाने मांडवीत कॅसिनोची जहाजं नांगर टाकून असतात. मोबाइलवरच्या पैशांच्या खेळांवर केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये बंदी आणली. खेळवणाऱ्याला शिक्षा आहे, खेळणाऱ्याला नाही. हे मला बरोबर वाटतं. बाबूसाठी मात्र त्या बंदीला वर्षभर उशीर झाला.)

शेठना मी पुढे भेटलो. भला माणूस. म्हणाले, "मास्तर, मला सांगायचं होतं. शिव्या घातल्या असत्या आणि पगारातून पाचशे-पाचशे कापले असते." बाबूला विचारलं, का नाही सांगितलं? बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "शेठ वडिलांना बोलले असते." आणि वडील? "त्यांनी आधीच सगळ्यांच्या शरमेचं ओझं घेतलंय. ट्रक गेल्यापासून ते बाजारात मागच्या वाटेने जातात."

डोनाल्ड क्रेसी नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने पन्नासच्या दशकात अपहार करून तुरुंगात गेलेल्या माणसांशी बोलून एक गोष्ट टिपली होती. त्यांची अडचण पैशांची असते, पण निव्वळ पैशांची नसते. ती कुणाला सांगता येण्याजोगी नसते. मग संधी दिसते, आणि मनाला पटेल असं एक वाक्य सापडतं. बाबूचं वाक्य होतं, "देवाकडून उसने घेतले. दोन पगारांत परत टाकले असते." म्हणूनच त्याने मोजून घेतले आणि उरलेले परत ठेवले. माझ्या मते या प्रकरणाचं मूळ भुकेत नाही, हावेतही नाही. चार हजार तीनशे रुपयांची शरम टाळायला तो निघाला होता. पुढे जे झालं ते वाचताना एवढं ध्यानात ठेवावं.

चवथ कोलवाळला

तीन दिवस पोलीस कोठडी, मग न्यायालयीन कोठडी. शुक्रवारी ६ तारखेला तो कोलवाळच्या तुरुंगात गेला. शनिवारी ७ ला चवथ. जामीन मंजूर झाला तरी जामीनदाराचे कागद होईपर्यंत १२ तारीख उजाडली.

गोव्यातल्या हिंदू घरात चवथीला माणूस नसणं म्हणजे काय हे बाहेरच्याला सांगणं कठीण. मुंबईचे, पुण्याचे, जहाजावरचे, सगळे मूळ घरी येतात. बाबूच्या मूळ घरी चुलत्यांनी त्याच्या वडिलांना सांगितलं, "यंदा तुम्ही जरा मागे राहा." गणपतीच्या डोक्यावर फळांची माटोळी बांधायला दरवर्षी बाबू चढायचा, त्या वर्षी शेजाऱ्याच्या मुलाने बांधली. आई म्हणाली, सुतक असतं तर निदान दिवस मोजता आले असते.

कोलवाळचे सहा दिवस त्याने कधी नीट सांगितले नाहीत. एवढंच म्हणाला, की आत सगळे त्याला विचारायचे, "कितीची?" आणि चार हजार ऐकून हसायचे. एकाने पुढच्या वेळी कसं करायचं तेही सांगितलं. देशात २०२२ अखेर तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती, त्यांतली ४,३४,३०२ कच्चे कैदी. म्हणजे आतल्या चारांपैकी तिघांचा गुन्हा अजून शाबीत झालेला नव्हता. बेक्कारिया हा इटालियन विचारवंत १७६४ मध्ये सांगून गेला, की माणसाला धाक बसतो तो शिक्षेच्या खात्रीने आणि वेळेवर होण्याने, तिच्या क्रौर्याने नव्हे. आपल्याकडे खात्री फक्त कोठडीची असते.

एकविसाव्या वाढदिवसाच्या आधी

डिसेंबरात आरोपपत्र आलं. विधी सेवेतून मिळालेल्या वकील बाईंनी सगळ्यात आधी विचारलं, "जन्मतारीख काय?"

गुन्हेगार परिवीक्षा अधिनियम १९५८ चा आहे. परिवीक्षा म्हणजे प्रोबेशन, तुरुंगाऐवजी चांगल्या वागणुकीच्या अटीवर सोडणं. त्याच्या सहाव्या कलमाप्रमाणे एकवीस वर्षांखालच्या दोषी माणसाला न्यायालयाने शक्यतो तुरुंगात घालू नये. घालायचंच तर कारणं लिहावीत, आणि त्याआधी परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा. मात्र वय मोजायचं ते गुन्ह्याच्या दिवशीचं नाही. न्यायालय दोषी ठरवतं त्या दिवशीचं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६२ च्या एका निकालात म्हटलं आहे. म्हणजे तारखा पडत गेल्या आणि मे २०२५ उलटला, तर कायद्याचं ते खास संरक्षण गेलं. एकोणिसाव्या वर्षी चूक करणाऱ्याचा खटला तीन वर्षं रेंगाळला तर त्याची काहीच चूक नसताना तो मोठा होतो. हा मला त्या कायद्यातला सर्वांत विचित्र भाग वाटतो.

वकील बाईंपुढे दोन रस्ते होते. उघडा सभामंडप ही ३०५ मधली इमारत होते का, यावर भांडायचं. मुद्दा चांगला होता, पण वेळ खाणारा. किंवा गुन्हा कबूल करून परिवीक्षा मागायची. तिने दोन्ही बाजू आईवडिलांना आणि मुलाला समजावल्या. बाबू म्हणाला, "केलंय ते केलंय."

परिवीक्षा अधिकारी घरी आले, दुकानात गेले, माझ्याकडेही आले. वर्गात कसा होता, मारामाऱ्या करायचा का, असले प्रश्न झाल्यावर शेवटी एक विचारलं: "याला उद्या अडचण आली तर हा कोणाकडे जाईल?" मी शिक्षक म्हणून स्वतःचं नाव सांगणार होतो. मग सत्तेचाळीस सेकंद आठवले. "आईकडे" असं सांगितलं.

न्यायालयात पूर्ण सहा मिनिटांचं चित्रण दाखवलं गेलं. नोटा परत टाकताना बघून न्यायाधीशांनी ते थांबवून पुन्हा दाखवायला सांगितलं. मार्च २०२५ मध्ये निकाल झाला: दोषी, पण तुरुंग नाही. एक वर्षाचं चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र, परिवीक्षा अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली. बंधपत्र मोडलं तरच शिक्षा सुनावली जाईल. त्या अधिनियमाच्या बाराव्या कलमाने, अशा दोषसिद्धीमुळे पुढे कसलीही अपात्रता येत नाही. मार्च २०२६ ला कायद्याच्या बाजूने हिशेब संपतो, तारखेसकट.

देवाकडची बाकी

न्यायालयाच्या आधी देवळाने आपलं काम उरकलं होतं. समितीच्या बैठकीत दोन तट पडले होते. एक म्हणत होता, पाच वर्षं देवळात पाय ठेवू देऊ नका. शेजारच्या महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा स्वतंत्र कायदा आहे. पण बैठकीत कायद्याने काम झालं नाही, सर्वांत वयस्कर गावकरांच्या, म्हणजे गावातल्या जुन्या मानकऱ्यांच्या, एका प्रश्नाने झालं. "पाच वर्षांनी त्याला परत आणायला कोण जाणार? तुम्ही जाणार?" सगळे गप्प. त्यांचा स्वभाव फारसा कनवाळू नाही. कुळांशी, मुंडकारांशी (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांशी) ते कसे वागले हे गावाला माहीत आहे. पण शिक्षा लावणाऱ्याने ती उठवायचीही असते, एवढं त्यांना नेमकं ठाऊक होतं.

कार्तिकात एका सकाळी बाबू आणि वडील सभामंडपात उभे राहिले. गावकरांनी गाऱ्हाणं घातलं. लेकराकडून चूक झाली महाराजा, पदरात घे महाराजा. आम्ही "व्हय महाराजा" म्हटलं, नेहमीपेक्षा जरा कमी आवाजात. मग ठरलं: नारळ, तेल, आणि एक महिना पहाटे सभामंडप झाडायचा. कायद्याने त्याला न मिळालेली सामुदायिक सेवा अशी मागल्या दाराने मिळाली. तीस दिवस तो आला. पहिले आठ दिवस लोक मुद्दाम त्या वेळेला यायचे, बघायला. नंतर कंटाळले. एकतिसाव्या दिवशी गावकर म्हणाले, "झालं. देवाकडे तुझी बाकी नाही."

ऑस्ट्रेलियातल्या जॉन ब्रेथवेट यांनी १९८९ मध्ये शरमेचे दोन प्रकार सांगितले. एकात माणसाला लाजवतात आणि नंतर परत घेतात. दुसऱ्यात त्याच्यावर शिक्का मारून सोडून देतात. पहिल्याने गुन्हे कमी होतात, दुसऱ्याने माणूस इतर शिक्केवाल्यांत जाऊन बसतो. हे वाचताना मला आमचे गावकर आठवले, आणि लगेच माझा मोबाइलही.

सत्तेचाळीस सेकंद

निकालानंतर बाबूने एका कारखान्यात अर्ज केला. मुलाखत झाली, रुजू व्हायची तारीख ठरली. आदल्या संध्याकाळी फोन आला, जागा भरली म्हणून. तिथल्या सुपरवायझरच्या मोबाइलवर ते चित्रण होतं, हे आठवड्याने कळलं. दुसऱ्या ठिकाणी त्याने निकालाची प्रत सोबत नेली. ती कुणी वाचली नाही. वाचून समजायला दहा मिनिटं लागतात. चित्रण बघायला पाऊण मिनिट.

मी समितीच्या गटावरून ते काढलं. माझ्याकडून गेलेलं तेवढंच मला काढता आलं. गावातल्या तरुणांच्या मोठ्या गटावर मी लिहिलं, की निकाल लागला आहे, मुलाने पैसे परत केले आहेत, कृपया ते पुढे पाठवू नका. त्याच्या खाली कुणीतरी विचारलं, "कुठलं चित्रण? पाठवा ना." आणि तिघांनी पाठवलं.

बाबू अठराच्या आतला असता, तर बाल न्याय अधिनियमाच्या ७४ व्या कलमाने त्याचं नाव किंवा चेहरा प्रसिद्ध करणं हाच गुन्हा ठरला असता. तो वीस वर्षं चार महिन्यांचा होता.

जुन्या गोव्यात एक काळ्या दगडाचा खांब आहे. लोक त्याला हातकातरो खांब म्हणतात, तिथे हात कापत असा समज आहे. पोर्तुगिजांच्या शहरांतून असा खांब, पेलोरिन्यो, गुन्हेगाराला चारचौघांत बांधून उभा करायला असे. शाळेची सहल घेऊन गेलो की मी मुलांना सांगायचो, बघा, तेव्हाचे लोक किती क्रूर होते. आता सांगताना जीभ अडखळेल. त्या खांबाला बांधलेल्या माणसाला निदान कधीतरी सोडत असतील.

अध्यक्षांना मी एकदा म्हटलं, की खाणींच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये २२ नोव्हेंबर २००७ नंतरचं उत्खनन बेकायदा ठरवलं. शहा आयोगाने नुकसानीचा आकडा सुमारे पस्तीस हजार कोटींचा काढला होता. आपल्या गावात कुणी कधी एखाद्या खाणमालकाला 'चोर' म्हटलेलं ऐकलंय का? ते म्हणाले, "मास्तर, ते वेगळं." थोड्या वेळाने स्वतःच म्हणाले, "त्यांनी देवळाला घुमटी बांधून दिली."

यंदाची चवथ

२७ ऑगस्ट २०२५ ला चवथ झाली. बाबू अजून त्याच शेठकडे आहे. हो, शेठनी त्याला परत घेतलं, निकालानंतर दोन महिन्यांनी, आधी नुसता गोदामावर. उधारी वसुलीला पाठवत नाहीत. "मला भीती नाही," शेठ म्हणाले, "गिऱ्हाइकं विचारतात."

आमच्या वाड्यावरचं घुमट-आरतीचं पथक संध्याकाळी घरोघर फिरतं. (घुमट म्हणजे तोंडाला कातडं ताणलेलं मातीचं वाद्य.) बाबू आधी त्यात सर्वांत धाकटा, आरतीचं ताट फिरवायचं काम त्याचं. लोक ताटात दहा-वीस-शंभर टाकतात, ते पथकाच्या खर्चाला जातात. यंदा मुलांनी त्याला बोलावलं की तो आपणहून आला हे मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी रात्री नऊला ते माझ्याकडे आले. पाऊस होता, दहाबारा जण पडवीत दाटीवाटीने उभे. बाबूच्या कमरेला शामेळ, दोन्ही हातांत काठ्या. छान वाजवतो, हे मला ठाऊक नव्हतं.

आरत्या झाल्या. ताट फिरलं ते दुसऱ्याच एका लहानग्याच्या हातात. माझी सून टेबलावरून पातोळ्यांचं भांडं उचलायला गेली. जाताना तिने शेजारी पडलेला स्वतःचा मोबाइलही उचलला. सहज असेल. बाबूची मान खाली होती, तो काठ्या पुसत होता.

सगळे निघाल्यावर पथकातला एक जण चप्पल शोधत मागे राहिला. त्याला म्हटलं, बाबू शामेळ बरं वाजवतो रे, कधी शिकला? तो म्हणाला, "याच वर्षी, मास्तर. घुमटाला माणसं होती, कासाळ्याला होती. त्याने शामेळच मागून घेतलं. त्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात ना, शेवटची आरती संपेपर्यंत. म्हणजे ताट कुणी त्याच्याकडे देत नाही."